दोन चौकोनांचं दार

१

आमच्या घरात आतली दारं पाच, आणि पाचही सारखी. बांधणाऱ्याने ती एकाच दिवशी, एकाच कंटाळ्यात बसवली असावीत. सपाट, पांढरी, ना पट्टी ना नक्षी, वर तेच ते स्वस्तातलं हँडल. हॉलमधून आत गेलं की पॅसेज, आणि पॅसेजमध्ये ओळीने स्वयंपाकघर, अडगळीची खोली, आमची खोली, आईची खोली आणि टोकाला बाथरूम. वीस वर्षं आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही. दार म्हणजे दार, त्याचं काय कौतुक करायचं.

मग आईचं डोकं जायला लागलं. लोक म्हणतात 'विसरायला लागली'. मला तो शब्द गुळमुळीत वाटतो. विसरतो तो किल्ली. आई मला विसरली. मी तिचा मुलगा, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवलेला माणूस, आणि ती मला 'पेंटर' म्हणून हाक मारायची. 'अहो पेंटर, काम आटोपलं की दिवा बंद करा' म्हणायची. बायको हसायची, मीही हसायचो. नंतर मोरीत जाऊन तोंड धुवायचो, कारण डोळ्यांत पाणी यायचं ते यायचंच.

दुपारी बायको चष्म्यांच्या दुकानात कामाला असायची. मी हॉलमध्ये बसून घरांच्या छोट्या पाट्या रंगवायचो, आणि सव्वातीनच्या सुमाराला पॅसेजमध्ये आईची फेरी सुरू व्हायची. खट्. हँडल खाली, दार वीतभर उघडणार, पुन्हा लागणार. मग पुढचं. खट्. असं पाच वेळा. कुठली खोली कुणाची ते कळायचं नाही बिचारीला. मी ब्रश न उचलता ओरडायचो, "आई, चौथं!" कधी उत्तर यायचं, कधी नाही.

एका दुपारी सहावं दारही उघडलं, बाहेरचं. मला बसल्या जागी डुलकी लागली होती, पत्ताच नाही. अर्ध्या तासाने खालच्या दुकानदाराने तिला हाताला धरून आणलं. घरातल्या गाऊनवर बसस्टॉपवर उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, माझं दार कुठलं.

ताईला हे कळायला संध्याकाळ पुरली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि साठ वर्षांनी शहाणी. तिने आधीच एक संस्था बघून ठेवली होती, जिथे अशा म्हाताऱ्यांना ठेवतात. पुढच्या महिन्यात तिथे एक खाट रिकामी होणार होती.

"महिनाभर देते तुला," ताई म्हणाली. "तोवर घरात तिचं तिला जमलं तर राहू दे. नाहीतर मी घेऊन जाणार. बसखाली आली असती म्हणजे?"

ताईचं चुकत नव्हतं. पण शुद्धीत असताना आईने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं, की मला घरातून हलवू नकोस. ते मी दिलं होतं, आणि मोडायची माझी तयारी नव्हती.

२

उपाय सुचवला डॉक्टरीणबाईंनी. "सगळी दारं सारखी असतील तर त्यांना कशी कळणार? प्रत्येक दाराला वेगळी खूण करा. डोळ्यांना धूसर दिसतंय, तेव्हा हाताला लागेल अशी."

नवीन नक्षीदार दारांचा भाव काढला आणि तोंडात मारल्यासारखा परत आलो. मग माझा जुना दोस्त सुतार, त्याला विचारलं. तो म्हणाला, "नवीन कशाला, वेडा की काय? सपाट दारावर लाकडी पट्ट्या ठोक, सांधे पुट्टीने बुजव, वर ऑइल पेंट. नवं दार आहे की जुन्याला नटवलंय, कुणाच्या बापाला कळणार नाही." त्याच्याकडे कुठल्याशा कपाटाच्या कामातून उरलेल्या पट्ट्या होत्या, त्या त्याने तशाच दिल्या. रंग माझ्याकडे होतेच. पाट्यांच्या धंद्यात प्रत्येक डब्यात तळाला चार बोटं उरतातच, आणि मी काही टाकणाऱ्यातला नाही.

खरं सांगतो, मजा आली. बऱ्याच दिवसांनी हाताला मोठं काम मिळालं होतं. स्वयंपाकघराच्या दारावर तीन आडव्या पट्ट्या, पिवळ्या. अडगळीच्या दारावर फुली, तपकिरी, म्हणजे इथे येऊ नको. आमच्या दारावर एकच उभी चौकट, हिरवी. बाथरूमला पतंगाचा आकार, निळा. आणि आईच्या दारावर एकाखाली एक दोन चौकोन, लाल. ते मी अगदी तिच्या तळहाताच्या उंचीला बसवले. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापले, पॉलिश पेपरने इतके घासले की बोट फिरवलं तर कुठे अडकू नये. ज्यांच्याकडे मी धंदा शिकलो ते म्हणायचे, पाटी अशी हवी की आंधळ्यालाही वाचता यावी. मी ते शब्दशः केलं.

पट्ट्या ठोकायच्या आधी पाचही हँडलं काढली आणि जुना रंग सुटावा म्हणून टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवून ठेवली. आई पॅसेजच्या तोंडाशी खुर्चीवर बसून माझं काम बघत होती. मी तिला सांगत होतो, "हे तुझं दार बरं का, दोन चौकोन," आणि ती मान डोलावत होती.

खट्.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा, खट्. मग अडगळीचं. आमचं. आईचं. बाथरूमचं. प्रत्येक वेळी तोच आवाज, हँडल खाली दाबल्याचा, आणि प्रत्येक दार वीतभर हललं आणि परत आलं. मी हातात हातोडी धरून उभा होतो.

आई माझ्यासमोर बसली होती. हँडलं डब्यात होती. मी डब्याचं झाकण काढून मोजली, पाच.

मी देवभोळा नाही. गंडेदोरे, लिंबू-मिरची, असल्या भानगडीत आमच्या घरात कुणी कधी पडलं नाही. तेव्हा मी विचार केला की हँडल नसलं की दार वाऱ्याने हलणारच, आणि खट् आवाज आतल्या खिळीचा असणार. वारा कुठून आला, हे मी स्वतःला विचारलं नाही. आणखी एक गोष्ट तेव्हाच मनात आली होती, तीही बाजूला सारली. आईच्या सपाता फरशीवर फटफट वाजतात. इतक्या दुपारी मी ती फेरी ऐकली, पण सपाता दर वेळी वाजत होत्या का, ते मला काही केल्या आठवेना.

"वाजलं का तुला काही?" मी आईला विचारलं.

"रोजचंच आहे," आई म्हणाली.

३

रंग वाळला, हँडलं पुन्हा बसली, आणि मी आईची शाळा घेतली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिचा हात धरून पॅसेजमधून न्यायचो. "तीन आडव्या?" "स्वयंपाकघर." "पतंग?" यावर ती लाजून हसायची. चौथ्या दिवशी ती एकटी उठली, भिंतीला हात लावत गेली, पतंग चाचपला आणि आत गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने पदर डोळ्यांना लावला. एवढं मोठं काही नव्हतं त्यात, एक म्हातारी बाई संडासला गेली, पण आम्हाला दिवाळखोरी टळल्यासारखं वाटलं.

ताई येऊन परीक्षा घेऊन गेली. आईला हॉलमध्ये उभं केलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या खोलीतून शाल आणून दे." आई गेली, दोन चौकोनांवरून हात फिरवला, शाल घेऊन आली. ताईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"बरं आहे," ती मला म्हणाली. "पण खाट मी अजून सोडलेली नाही. महिना संपू दे."

आईचं मात्र एक विचित्र सुरू झालं. दार ओळखता यायला लागलं तशी ती आपल्या खोलीत जायलाच बघेना. विशेषतः दुपारी. मी आत नेऊन झोपवलं की पाच मिनिटांत बाहेर. कधी अडगळीत जाऊन ट्रंकेवर बसायची, कधी आमच्या खोलीत कपाटाला टेकून.

"तुझी खोली ती आहे ना, आई? मग?"

"सगळी सारखी होती तेच बरं होतं," ती म्हणाली. अगदी स्पष्ट, पूर्वीसारखा आवाज. "एका जागी बसलं नाही की झालं. आता सापडणार."

"कुणाला सापडणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते जे काही होतं ते डोळ्यांतून गेलं. "पेंटर," ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

४

पट्ट्यांच्या कडांना रंग थोडा पातळ बसला होता. आपलं काम आपल्यालाच टोचतं, म्हणून एका सकाळी मी पाचही दारांना दुसरा हात दिला. आईला हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं होतं, दारांजवळ जाऊ दिलं नव्हतं. जेवण झालं, ती तिथेच पेंगली. मी पाटीचं एक काम घेऊन तिच्या पायाशी बसलो.

सव्वातीनला मी खट् ऐकायच्या तयारीत होतो, पण खट् आलं नाही. त्याऐवजी घासल्यासारखा बारीक आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत. मला वाटलं शेजारी कुणी काहीतरी पुसतंय. मी उठून बघायला हवं होतं. मी पाटीवरचं अक्षर पुरं केलं, मग उठलो.

ओल्या रंगात बोटं फिरलेली होती. उगाच लागलेला धक्का नव्हता तो. स्वयंपाकघराच्या तिन्ही पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी चाचपल्या होत्या. अडगळीची फुली दोन्ही बाजूंनी. आमची चौकट सगळीकडून. पतंगही. सगळ्यात शेवटी आईच्या दाराचे चौकोन, आणि तिथे ती बोटं एकदा नाही, चार-पाच वेळा फिरली असावीत, कारण कोपऱ्यांवरून रंग पार लाकडापर्यंत निघाला होता.

मी आईचे हात पाहिले. स्वच्छ. झोपेतच होती. माझ्या हातांवर पाचही रंग होते, पण माझ्या हातांवर ते गेला आठवडाभर होतेच. म्हणजे मीच केलं असेन, बेध्यानात. तासभर मी असाच स्वतःशी हुज्जत घालत बसलो. वकील झालो असतो तर उपाशी मेलो असतो, कारण मला माझंच पटत नव्हतं.

पाटी वाचणारा कोण, ते रंगवणाऱ्याच्या हातात नसतं. ती रस्त्यावर लागली की जो जाईल तो वाचणार. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं, आणि घरच्या दारांना मी नेमकं तेवढंच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आईला तिच्या खोलीत झोपवलं, कारण माझ्या डोक्याने ठरवलं होतं की घाबरायचं काही कारण नाही. सव्वातीनला पॅसेजमध्ये दारांवरून हात फिरल्याचा आवाज झाला. पहिलं, दुसरं, तिसरं, भराभर, जणू नुसती खात्री करत. मग खट्, फक्त एकदा.

मी धावलो. आईचं दार वीतभर उघडं होतं, पलीकडे कुणी नव्हतं. आई खाटेवर बसली होती, डोळे मिटलेले, हनुवटी वर केलेली. लहानपणी ती ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची तेव्हा मी असा चेहरा करायचो.

त्या रात्री जेवताना तिने चमचा हातात घेतला आणि तो कशासाठी असतो तेच तिला कळेना. बायकोने भरवलं. दोन दिवसांनी 'पेंटर'ही गेलं. मी तिच्यासाठी आता कुणीच नव्हतो.

५

बायकोला काय सांगणार? ती दिवसभर उभी राहून लोकांना चष्मे लावते, घरी येऊन आईचं करते. मी म्हटलं, "दुपारी काहीतरी होतं गं घरात." ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "अहो, दुपारी तुम्ही एकटे असता. डोकं खातं ते." ताईला फोनवर आईची अवस्था कळलीच. ती रागावली नाही, हेच वाईट होतं. "तू खूप केलंस रे," म्हणाली. "आता सोमवारी मी गाडी घेऊन येते."

सोमवारला चार दिवस होते. पट्ट्या उखडून टाकाव्यात तर आई पुन्हा दारोदार चाचपडणार आणि ताईच्या गाडीत बसणार. ठेवाव्यात तर रोज सव्वातीन वाजणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती गत. आईला दुपारचं बाहेर न्यावं म्हटलं तर बसस्टॉपच्या प्रकारापासून ती जिन्यातच बसकण मारायची, मागे-पुढे हलायची नाही.

मग साधी युक्ती सुचली. खोलीत ठेवायचीच नाही. त्या दुपारी मी तिला हॉलमध्ये माझ्या शेजारी घट्ट बसवलं, रेडिओ लावला, तिचा हात हातात धरला.

हात फिरल्याचा आवाज आला. तीन दारं. मग खट्.

मी रेडिओ बंद केला. मला आशा होती की खोली रिकामी बघून संपेल प्रकरण. खाटेची कुरकुर ऐकू आली, जशी उशी चाचपताना होते. मग आवाज पॅसेजमध्ये आला. आता तो दारांवर नव्हता, भिंतीवर होता. सपाट हात भिंतीवरून घासत हॉलच्या दिशेने येत होता, सावकाश, मध्येच थांबत. आईची तरुणपणची तसबीर लटकते तिथे खिळा हलला. पॅसेज जिथे हॉलला मिळतो त्या कोपऱ्याच्या अलीकडे आवाज थांबला. सोफ्यावरून मला कोपऱ्याची कड दिसत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. कडेवर काहीच नव्हतं.

आईने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

"आले," ती म्हणाली, दारात कुणी ओळखीचं उभं असावं तशी. उठली. माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, ज्याला ती ओळखत नव्हती त्याच्या. आणि सपाता फटफट वाजवत पॅसेजमध्ये गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मी उठलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. साठीचा धडधाकट माणूस सोफ्यावर बसून राहिला आणि त्याची म्हातारी आई त्याच्यापर्यंत आलेलं संकट अंगावर घेऊन आत गेली.

६

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी आईला आमच्या खोलीत नेलं. बायकोच्या खाटेवर बसवलं, हातात घडी घालायला रुमालांचा ढीग दिला, आणि दार ओढून घेतलं. दारावर एक उभी चौकट, हिरवी. तिथे आई असेल असं कुणी म्हणणार नाही.

मी दोन चौकोनांच्या दारामागे, आईच्या खाटेवर जाऊन बसलो. आईची शाल अंगावर घेतली. का घेतली, सांगता येत नाही, पण त्या क्षणी ते शहाणपणाचं वाटलं. खोलीत तिच्या तेलाचा वास होता. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि इतक्या उजेडात भ्यायचं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे असं मी स्वतःला बजावत होतो.

तीन आडव्या पट्ट्या. फुली. आमच्या दारावर आवाज थोडा रेंगाळला, मग पुढे सरकला. आता तो माझ्या समोर होता, लाकडाच्या एक इंच पलीकडे. वरचा चौकोन पुरा फिरला. खालचा पुरा फिरला.

हँडल खाली गेलं. दार वीतभर उघडलं.

दाराच्या कडेवरून बोटं आत आली. मी ती पाहिली तेवढी सांगतो, जास्त नाही. आखडलेली, फार लांब, आणि टोकांना वाळलेला रंग. पिवळा, तपकिरी, हिरवा, निळा, लाल. माझेच पाच डबे. हात पुढे येत राहिला. मनगट संपून कोपर यायला हवं होतं तिथेही तो तसाच सरळ येत राहिला, आणि दार तेवढंच उघडं होतं. मग मी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

स्पर्श गार नव्हता, काही नव्हता. कपाळ, भुवया, नाकाचा दांडा. दार चाचपावं तसंच, कडेकडेने. मी ओरडायला हवं होतं पण शेजारच्या खोलीत आई रुमालांच्या घड्या घालत होती. बोटं हनुवटीवर येऊन थांबली आणि तिथे शंका आल्यासारखी घुटमळली. सगळे पाहुणे म्हणतात, हा हुबेहूब आईच्या तोंडावळ्यावर गेलाय, हनुवटी तर तीच. जन्मात पहिल्यांदा मी त्याबद्दल कुणाचे तरी आभार मानले.

बोटं पुन्हा कपाळाकडे वळली. नंतर किती वेळ गेला, मला माहीत नाही.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मी खाटेवर तसाच बसलेलो होतो. आई दारात उभी होती. माझ्याकडे निरखून बघत होती.

"ढब्बू," ती म्हणाली, "किती वाळलास रे. जेवत नाहीस का नीट?"

हे माझं घरातलं नाव. गेली दोन वर्षं कुणी घेतलं नव्हतं, कारण घेणारी तीच एक. मी तिच्या कमरेला मिठी मारून लहान मुलासारखा रडलो. बायकोही रडली. सोमवारी ताई आली तेव्हा आईने तिला विचारलं की गाडी कशाला आणलीस, आणि तिचं वजन वाढल्याबद्दल चार शब्द सुनावले. ताईने आमच्या घरूनच फोन करून ती खाट सोडली.

७

याला आता तीन महिने झाले. मी रोज दुपारी आत जाऊन बसतो. एक दिवसही चुकवलेला नाही. बायकोला वाटतं वयोमानाने दुपारची झोप लागायला लागली.

आई छान आहे. डॉक्टरीणबाईंनी तिचे कागद दोनदा वाचले आणि असं होत नसतं म्हणाल्या. ती पेपर वाचते, शब्दकोडं सोडवते, बायकोला स्वयंपाकातल्या चुका दाखवते. बायको माझ्यापाशी कुरकुरते, पण तिला आनंद झालाय.

मी हे सकाळी लिहितोय, सकाळी बरं असतं. मागच्या आठवड्यात एका घराची पाटी हातात घेतली आणि अक्षर कुठून सुरू करायचं तेच सुचेना. चाळीस वर्षं जे बोटांनी केलं ते बोटांना सांगता येईना. बायकोने डोळे तपासले, नवा चष्मा दिला. चष्मा चांगला आहे. सुताराने रस्त्यात हाक मारली, मी नमस्कार केला, पण कोण ते घरी येईपर्यंत आठवलं नाही.

काल मी पॅसेजमध्ये उभा होतो. पाच दारं होती, रंगवलेली, सुबक काम. कुणाकडून करून घेतलं असं बायकोला विचारायचं ठरवलं होतं. मला जायचं होतं कुठेतरी, ते यातलं कुठलं हे कळेना. मी एकावरून हात फिरवला, दुसऱ्यावरून फिरवला. कड छान घासली होती, बोट कुठे अडकत नव्हतं.

आई हॉलमधून आली. सपाता वाजवत, ताठ चालत. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात हातात घेतला. तो दोन चौकोनांवर ठेवला, वरच्यावरून फिरवला, खालच्यावरून फिरवला.

"हे तुझं," ती म्हणाली. "लक्षात ठेवायचं. दुपारी जरा पडावं माणसाने."

तिने मला खाटेवर बसवलं आणि शाल अंगावर नीट घातली. मला तिला या दाराबद्दल काहीतरी सांगायचं होतं. फार महत्त्वाचं होतं, तिच्याच बाबतीतलं, आणि ते जिभेवर यायला हवं होतं. ते आलंच नाही. म्हणून जे आठवत होतं तेवढं विचारलं.

"आई, तू घरीच राहणार ना?"

"मी कुठे जाणार आता," आई म्हणाली, माझी हनुवटी जराशी वर केली, आणि दार ओढून घेतलं.